हक्कसोडपत्र, लिनक्स आणि मे महिन्यातले सहा दिवस

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती नोंदवितो, उरलेले नंतर.

जून २००४. कोल्हापूरकडील एक संगणकविक्रेता. याने ‘मूळ प्रत, परवान्यासह’ असे पावतीवर लिहून मला जे विकले ते नकली होते.

तोच महिना, तेच दुकान. मराठी फाँट तयार करणारी एक कंपनी. हिने पुढे माझ्या तीन रजिस्टर पत्रांपैकी एकालाही उत्तर दिले नाही. तिन्ही पोचपावत्या माझ्या कपाटात आहेत.

नोव्हेंबर २००८ ते मे २००९. लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीच्या मदतपुस्तिका लिहिणारे ज्ञात-अज्ञात लेखक. यांनी लिहिले पुष्कळ. पण ते कोणासाठी लिहिले हे ठरविले नाही.

मे २००९, एका सोमवारपासून शनिवारपर्यंत. मी स्वतः, परवानाधारक दस्तलेखक, देवगड.

इतरांची नावे मी देत नाही, कारण अब्रुनुकसानीचा कायदा मला ठाऊक आहे. माझे नाव संपादकांनी वर छापलेच असेल. पक्षकारांची नावे बदलली आहेत.

दस्तलेखक म्हणजे कोण, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगणे भाग आहे. वकील लागतो भांडण झाल्यावर. भांडण होऊ नये म्हणून जो लागतो तो मी. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटपपत्र, हक्कसोडपत्र: जमिनीचा किंवा घराचा हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जो कागद करावा लागतो तो मी लिहितो, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची नोंदणी होते. तहसील कचेरीसमोर माझे टेबल चौतीस वर्षे होते. तेवढ्या काळात माझ्या दस्तातील शब्दामुळे एकही दावा उभा राहिला नाही. हे मी गर्वाने सांगतो, आणि सांगण्याचा मला अधिकार आहे.

माणसे मात्र नाना प्रकारची येत. तळेऱ्याकडच्या एका गृहस्थांनी कलमांची बाग विकताना अट घातली की, खरेदीदाराने त्यांच्या सख्ख्या भावाला त्या बागेतला आंबा कधीही देऊ नये. मी म्हटले, “अशी अट कायद्यात बसत नाही.” ते शांतपणे म्हणाले, “मगे बसता तशी लिवा.” कायद्यात बसेल तशी लिहिणे हेच माझे काम, ही त्यांची समजूत अगदीच चुकीची नव्हती.

माझ्या टेबलाचे दोन नियम होते. पहिला: कच्चा मसुदा पक्षकाराच्या हाती द्यायचा नाही. दिला की तो गावात फिरतो, कोणीतरी अर्धवट शहाणा त्यात खोड काढतो, आणि जमलेला व्यवहार मोडतो. दुसरा: पक्षकाराने ‘ह्याचो अर्थ काय?’ असे विचारले की उत्तर एकच, “दस्तात सगळे लिहिलेले आहे.” हे दोन्ही नियम मला तेव्हा शहाणपणाचे वाटत होते.

आता संगणकाचे. २००१ साली मी पहिला संगणक घेतला. विक्रेता त्यात प्रणाली घालून देणार होता. प्रणाली म्हणजे ज्याच्यावाचून संगणक हा नुसता डबा असतो ती मूळ व्यवस्था. घालताना पडद्यावर एक करारनामा आला आणि त्याखाली ‘मान्य’ अशी चौकट. विक्रेत्याने बोट ठेवले. मी त्याचा हात धरला.

“थांबा. वाचू द्या.”

“अण्णा, ते कोणी वाचत नाही.”

“मी वाचतो. माझे पोट त्याच्यावर चालते.”

सव्वा तास वाचला. ज्या प्रतीचा तो करारनामा होता ती प्रत विक्रेत्याची नव्हती, माझी नव्हती, आणि तिच्या मालकाची परवानगी कोणीही घेतलेली नव्हती. मी प्रणाली काढून टाकायला लावली. मग त्याने चेष्टेने एका मासिकाबरोबर आलेली सीडी पुढे केली. “हे घ्या, फुकट आहे, हे कोणी नेत नाही.” ती लिनक्स होती. तिचाही परवाना मी वाचला, आणि चौतीस वर्षांत तसा दस्त मी दुसरा पाहिला नाही. त्यात लिहून देणारा म्हणतो: ही वस्तू वापर, उघडून पाहा, बदल, दुसऱ्याला दे, अट एवढीच की, तू ज्याला देशील त्यालाही हे सगळे हक्क जसेच्या तसे दे. आपल्याकडे हक्क देताना हात आखडतो. हा दस्त हक्क अडवून धरण्यावर बंदी घालीत होता. त्यात एक कलम मात्र मला खुपले: यातून काही नुकसान झाल्यास जबाबदार कोणी नाही. जबाबदार कोणी नाही, असा दस्त मी कधी लिहिलेला नव्हता.

तीन वर्षे मी लिनक्सवर इंग्रजी पत्रे लिहिली. सोबतची पुस्तिका छापून तिला बाइंडिंग करून घेतले आणि मागे स्वतःच्या अक्षरात सूची जोडली. पण त्या काळी तिच्यावर मराठी नीट उमटत नसे. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. दस्त मराठीत लागतो. म्हणून २००४ मध्ये मी दुसरी प्रणाली आणि मराठी फाँट रीतसर विकत घेतला, आणि कार्यालयीन प्रत कागदावर ठेवणे बंद केले. ‘माझे दप्तर आता एका डब्यात मावते,’ असे मी कचेरीत चारचौघांना सांगत असे.

ऑक्टोबर २००८ मध्ये एके सकाळी पडदा काळा झाला आणि त्याच्या कोपऱ्यात सूचना आली: आपली प्रत अस्सल नसावी. चार वर्षे मी चोरीच्या मालावर बसून लोकांच्या मालकीहक्काचे दस्त लिहीत होतो. कोल्हापूरकडच्या त्या विक्रेत्याला नोटीस पाठविली. ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून पाकीट परत आले. मी सर्व फायली सीडीवर उतरवल्या, ती प्रणाली पुसून टाकली आणि लिनक्सकडे परतलो.

परतणे किती कठीण असते याची मला कल्पना नव्हती. बाइंडिंगची पुस्तिका उघडली. तिच्यातली निम्मी नावे आता नव्हती. जिथे जे बटण असायचे तिथे ते नव्हते. इंटरनेटच्या जाळ्यावर मदत शोधावी तर एक पान सहा वर्षांपूर्वीचे, दुसरे कालचे, आणि कोणत्या पानावर भरवसा ठेवावा हे सांगणारी तारीख कशावरच नाही. संगणकाच्या आत एक मदतपुस्तिका असते. तिच्यात एका आज्ञेचा अर्थ विचारला तर शेवटी लिहिलेले असे, ‘अमुक पाहा’. अमुक पाहिले तर ‘तमुक पाहा’. तमुक पाहिले तर ते मला पहिल्याकडे धाडी. तलाठी मंडळ अधिकाऱ्याकडे, मंडळ अधिकारी तहसीलदाराकडे आणि तहसीलदार पुन्हा तलाठ्याकडे पाठवतो, तो रस्ता मला तोंडपाठ होता. तोच इथे भेटला. मग ध्यानात आले की, नवख्यासाठी पुस्तके आहेत, जाणत्यासाठी आहेत. पण जो एकदा इथे राहून गेला, ज्याला थोडे आठवते आणि आठवते तेच नेमके चुकीचे ठरते, त्याच्यासाठी कोणी काहीही लिहिलेले नाही.

एक गोष्ट चांगली झाली होती. या चार वर्षांत लिनक्सवर मराठी स्वच्छ उमटू लागली होती. नवे दस्त मी नव्या अक्षरांत लिहू लागलो. जुन्या फायली मात्र उघडल्या की नुसती चिन्हे दिसत. हे डिसेंबरातच मला कळले होते. तेव्हा मी काय केले? फाँटच्या कंपनीला रजिस्टर पत्र लिहिले. उत्तर आले नाही म्हणून दुसरे लिहिले. मग तिसरे. अशा रीतीने पाच महिने गेले.

त्या जुन्या फायलींत द्वारकेचे हक्कसोडपत्र होते.

द्वारका देवगड बंदरावर मासे विकते. वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास, नवरा नाही, मूल नाही. वडिलांच्या घरात राहते. पुढे मासे सुकवायचे खळे आहे. वडील वारल्यावर घराला वारस दोन: ती आणि धाकटा भाऊ मोहन. मोहन जहाजावर खलाशी, बिऱ्हाड मुंबईला. मोहनच्या बायकोला ते घर हॉटेलवाल्याला द्यायचे होते. मोहनला बहिणीला बाहेर काढायचे नव्हते. २००८ च्या पावसाळ्यात तो रजेवर आला तेव्हा दोघे माझ्या टेबलाशी तीन वेळा बसली. मोठ्याने भांडली, रडली, आणि अखेर शब्दन् शब्द ठरला: मोहन आपला हिस्सा बहिणीस सोडून देईल, गणपतीच्या दिवसांत ओसरीलगतची खोली त्याला रिकामी मिळेल, उत्तरेकडच्या माडाचे नारळ त्याचे, होडी ओढण्याची वाट कोणी अडवायची नाही. मसुदा मी तीनदा वाचून दाखविला. सातबाऱ्यावर वारसांची नोंद व्हायची होती म्हणून नोंदणी पुढच्या रजेवर ठेवली. मसुद्याची प्रत कोणाला दिली नाही. नियम.

मे २००९ मध्ये मोहन आठवड्याभरासाठी आला. सोमवारी सकाळी दोघे टेबलाशी हजर. वारसनोंद झालेली होती.

“अण्णानू,” मोहन उभ्याउभ्याच म्हणाला, “गेल्या वर्साक वाचून दाखवलात, तोच कागद काढा. तोच वाचा, मी सही करतंय. नवीन काय लिवचा नाय.”

“नवीन कशाला लिहू?”

“नाय, सांगून ठेवतंय. बायलेन डोक्यात दहा गजाली घातल्यान. नवीन लिवक बसलंव तर त्यो सगळ्यो भायर येतल्यो.”

मी फाइल उघडली. पडदाभर चिन्हे, कंस, उलटसुलट रेघा. द्वारकेने मान वाकडी करून पाहिले.

“ह्या इंग्लिश काय, अण्णानू?”

“इंग्रजीही नव्हे.”

“मगे मांजरान सुकटीची टोपली सांडल्यासारख्या दिसता.”

मोहन हसला. मी हसलो नाही. मी दोन दिवस मागितले. मोहन म्हणाला, “शुक्रवारी दुपारच्या गाडयेन जातंय. तोपर्यंत कधीय बोलवा.”

जाताना द्वारका वळली. “अण्णानू, मी सांगतंय तसा लिवा. माका सगळा आठवता.”

मी म्हटले, “बाई, आठवण हा पुरावा नव्हे.”

मंगळवारी मी लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका मेलिंग लिस्टवर पत्र टाकले. तिथे एकाने लिहिलेला मजकूर शेकडो जणांकडे जातो. मी रीतीप्रमाणे लिहिले: विषय, जुन्या मराठी फाँटमधील मजकूर वाचता न येणेबाबत; संदर्भ, काही नाही; पुढे वस्तुस्थिती, मग मागणी, आणि शेवटी, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर न आल्यास आपणांस याबाबत काही सांगावयाचे नाही असे समजले जाईल. तासाभरात उत्तर आले. चार इंग्रजी अक्षरे, सही नाही. त्याच्यामागून दुसरे आले, फक्त मला, मराठीत: ‘काका, ती चार अक्षरं मनावर घेऊ नका. मी बांद्याला असते. फाइल घेऊन या.’ खाली नाव: नाईक. माझे वय त्यांनी पत्राच्या भाषेवरून ओळखले होते.

बुधवारी सकाळच्या एसटीने निघालो, तळेऱ्याला गाडी बदलली आणि दुपारी बांद्याला पोचलो. नाईक बाई हायस्कुलात गणित शिकवीत आणि घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा वर्ग चालवीत. महिन्यातून एकदा गोव्याला लिनक्सवाल्यांच्या बैठकीला जात. पाणी देण्याआधी त्यांनी माझी सीडी घेतली.

“बाई, ती चार अक्षरे म्हणजे काय?”

त्या संकोचल्या. “‘पुस्तिका वाचा’ असं म्हणतात, काका. मधला एक शब्द मी सांगत नाही.”

“कोणती पुस्तिका? कितवे पान?”

“तेच तर ते सांगत नाहीत. त्यांचं म्हणणं, सगळं लिहिलेलं आहे.”

हे वाक्य मी इतकी वर्षे दुसऱ्यांना ऐकवले होते. ऐकण्याची ती पहिली वेळ.

बाईंनी मला दोष समजावून दिला. संगणकाच्या पोटात अक्षरे नसतात, नुसते क्रमांक असतात. माझ्या जुन्या फाँटने इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे चढविली होती. “दशावतारात वेश चढवतात ना, तसं. वेश आहे तोवर राजा. उतरला की आपला रोजचा माणूस. तुमचा वेश फाँटबरोबर गेला.” देवगडात तो फाँट दुसऱ्या एकाकडे होता, पण त्याची आवृत्ती नवी, तिच्यात क्रमांक निराळे.

“तुमचा फाँट जुन्या प्रणालीवाचून बसत नाही. दोन्हींच्या सीड्या तुमच्याकडे आहेत?” त्यांनी विचारले.

“आहेत. पुरावा म्हणून ठेवल्या आहेत.”

“मग सोपं आहे. चार तासांसाठी जुनं परत घाला. फाइल उघडा, छापा, पुसून टाका.”

“ती प्रत चोरीची आहे.”

“चार तास, काका.”

“चार तासांची चोरीही चोरीच असते. मालकीहक्काचा दस्त मी चोरीच्या वस्तूवरून काढणार नाही.”

“आणि त्या बाईचं घर?”

“कायदा एका घरासाठी वाकत नाही.”

“बरं,” बाई एवढेच म्हणाल्या, आणि संगणकाकडे वळल्या.

तो निर्णय चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पण त्याची किंमत मी भरली नाही. ती द्वारकेने भरली. तत्त्व माझे आणि नुकसान दुसऱ्याचे, असा व्यवहार एखाद्या पक्षकाराने माझ्यासमोर आणला असता तर मी त्याला टेबलावरून उठवले असते.

बाई शोधू लागल्या, आणि अर्ध्या तासात त्यांना सापडले. एका चर्चापानावर दोन वर्षांपूर्वी कोणीतरी नेमका माझा प्रश्न विचारला होता. फाँट तोच, आवृत्ती तीच, आणि नमुन्यादाखल दिलेल्या ओळीत माझ्याच पडद्यावरची चिन्हे. विचारणाऱ्याने स्वतःचे नाव दिले नव्हते. ‘दर्यावर्दी’ असे टोपणनाव घेतले होते. तिघांनी त्याला उलटप्रश्न विचारले होते, एकाने धीर दिला होता. आणि नऊ दिवसांनी दर्यावर्दीने स्वतः लिहिले होते: ‘प्रश्न सुटला. सर्वांचा आभारी आहे.’

मी म्हटले, “खाली जा.”

“खाली काही नाही, काका.”

“कसा सुटला?”

“लिहिलेलं नाही.”

बाईंनी त्याच्या पत्त्यावर ई-मेल पाठविला. तो पत्ता बंद झाला असल्याचे उत्तर लगेच आले.

“आता तक्ता आपणच करायचा,” बाई म्हणाल्या. “कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, ते तुम्ही लिहा. तुमचा प्रत्येक दस्त सारखाच सुरू होतो ना? ‘लिहून घेणार’, ‘लिहून देणार’, ‘कारणे’... तिथून धरा. तक्ता मिळाला की बाकीचं काम मी संगणकाला सांगते.”

दस्तातील ज्या ठरीव वाक्यांना लोक कंटाळत, तीच आता किल्ली झाली. देवगडला परतून गुरुवारी सकाळपासून मी कागदावर दोन रकाने आखून बसलो. ‘लिहून देणार’ने सात चिन्हे दिली, ‘चतुःसीमा’ने पाच. काना आणि मात्रा लवकर सापडल्या. जोडाक्षरांनी छळले, अर्धा ‘क्ष’ आणि रफार यांनी शुक्रवारची सगळी सकाळ खाल्ली. हे काम मला आवडत होते, हे कबूल केले पाहिजे. त्या दोन दिवसांत मोहनकडे जाऊन बसावे, चहा प्यावा, त्याचे मन जागेवर आहे का पाहावे, हे मला एकदाही सुचले नाही.

शुक्रवारी दुपारी तो पिशवी खांद्याला लावून आला. द्वारका मागे.

“गावला, अण्णानू?”

“अर्धे. उद्या दुपारपर्यंत पूर्ण होईल. एक दिवस थांब.”

“जहाज थांबता काय?” तो हसत म्हणाला, पण बसला नाही. “ऱ्हवांदे. फुडल्या रजेक बगूया.”

“मोहन, आत्ता नव्याने लिहू या. तासाभराचे काम.”

त्याने बहिणीकडे पाहिले नाही. “नवीन नको म्हणून तुमका पयलाच सांगललंय. फोनार बायको रोज इचारता. गेल्या वर्साची गजाल येगळी होती.”

द्वारकेने त्याच्या हातात सुक्या बांगड्यांची पुडी दिली आणि दोघे स्टँडकडे गेली.

तक्ता ई-मेलने बाईंकडे गेला आणि शनिवारी साडेबाराला मजकूर माझ्या पडद्यावर आला, स्वच्छ मराठीत, एकही वेलांटी न चुकता. छापून मी बंदरावर गेलो. द्वारका खळ्यात मासे परतीत होती. मी म्हटले, “सापडले.” ती म्हणाली, “वाचा.”

“आता उपयोग नाही, बाई.”

“वाचा तरी.”

मी उभ्यानेच वाचू लागलो. दुसऱ्या कलमाशी पोचलो तेव्हा लक्षात आले, तिचे ओठ हलत होते. मी थांबलो. ती थांबली नाही. हात माशांवर चालूच, आणि तोंडाने पुढचे कलम, माझ्याच शब्दांत: “सदर मिळकतीच्या उत्तरेस असलेल्या माडाचे उत्पन्न लिहून देणार यांजकडे राहील, त्यास लिहून घेणार यांची हरकत नाही.” ‘यांजकडे’ हा शब्द बंदरावर कोणी बोलत नाही. तो तिने माझ्या तोंडून तीनदा ऐकला होता. अखेरच्या कलमापर्यंत ती गेली. होडीच्या वाटेच्या कलमात मी गेल्या वर्षी टाइप करताना एक शब्द गाळला होता, वाचताना मात्र उच्चारला होता; तोही तिच्या म्हणण्यात होता.

“हे पाठ कसे?”

“वाचूक येता त्येंका कागद आसता, अण्णानू. माका कोणी कागद दिलो नाय. म्हणान धा म्हयने म्हणत ऱ्हवलंय.” मग मासे परतायचे थांबवून ती म्हणाली, “सोमवारी तुमका सांगललंय मी. तुमी त्या मशिनीक सा दिस दिल्यात. माका येक घटका दिल्यात नाय.”

मोहनने मागितला होता तो कागद सोमवारी माझ्या टेबलासमोर उभा होता. तिच्या तोंडून उतरवून घेतला असता, तर मोहनला ते शब्द नवे वाटले नसते. अर्ध्या तासात सही झाली असती. मी मात्र जाळ्यावर, पुस्तिकांत आणि बांद्यापर्यंत जाऊन मदत शोधली. जी समोर होती तिला पुरावा नाही म्हणून परत पाठविले.

मोहन त्यानंतर एकदा आला, २०१० च्या शिमग्याला. माझ्या टेबलाकडे फिरकला नाही. घर आजही दोघांच्या नावावर आहे. हॉटेलवाला दोनदा मोजणी करून गेला. द्वारका राहते आहे. कशाच्या आधारावर, हे विचारले तर माझ्याकडे कायदेशीर उत्तर नाही.

मी टेबल बंद करण्यापूर्वी दोन्ही नियम मोडले. मसुदा पक्षकाराला देऊ लागलो, सोबत एक पान साध्या भाषेत: कोण काय देतो, कोण काय घेतो, पुढे भांडण होण्यासारखे काय आहे. एकाही मसुद्यात कोणी उगाच खोड काढली नाही. काढली ती एकदाच, आणि ती बरोबर होती. आणि नाईक बाईंच्या मदतीने तो अक्षरांचा तक्ता, त्यासोबत पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतची कृती, ठळक तारीख घालून, मराठीत, त्याच चर्चापानावर दर्यावर्दीच्या शेवटच्या ओळीखाली टाकला. आजवर चौघांनी तिथे लिहिले आहे की त्यांच्या फायली उघडल्या. त्यांत एक पतपेढीचा कारकून आहे आणि एक बाई, जिच्या दिवंगत वडिलांच्या आठवणी त्या फाँटमध्ये अडकल्या होत्या.

आता माझे शेवटचे पत्र. विक्रेता पळाला, कंपनी मुकी आहे, आणि माझा जबाब वर नोंदलेला आहे. उरता उरला एकच.

दर्यावर्दी या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थास किंवा बाईस: आपण कोण, हे मला ठाऊक नाही आणि विचारावयाचेही नाही. कायद्याने आपण माझे काही देणे लागत नाही, हेही मी जाणतो. आपण अनोळखी लोकांपुढे आपली अडचण मांडलीत. चौघांनी आपला वेळ दिला. आपला प्रश्न सुटला, त्या दिवशी तो कसा सुटला हे आपल्याला ठाऊक होते, आणि ते लिहायला चार ओळी लागल्या असत्या. त्या चार ओळी आपण का लिहिल्या नाहीत? विसरलात, कंटाळलात, की आपल्यामागून कोणी त्याच वाटेने येईल हे आपल्या मनातच आले नाही? जे कारण असेल ते सांगावे. मला खासगी पत्र पाठवू नये. मी ते उघडणार नाही. जिथे प्रश्न विचारला होता तिथेच, सर्वांना वाचता येईल असे, उत्तर द्यावे.